चार ओळींचा आत्मपरिचय

बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला येईपर्यंत ‘नोकरी’ हा शब्द आपल्याला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत असतो. प्रथम वर्षात घरी कोणी विचारलेच, तर ‘अजून शिकतोय’ म्हणून वेळ मारून नेता येते. तृतीय वर्षात मात्र दिवाळीला आलेला पाहुणा चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत ‘मग पुढे काय?’ असे विचारतो आणि घरातली सारी माणसे आपल्या तोंडाकडे पाहू लागतात.

आमच्या वर्गावर ही वेळ गेल्या वर्षी फेब्रुवारीत आली. बाहेरगावच्या काही संस्था मुलाखती घेण्यासाठी महाविद्यालयात येणार आहेत, इच्छुकांनी आपापला बायोडाटा कार्यालयात द्यावा, अशी सूचना फलकावर लागली. त्या आठवड्यात एस. टी. स्थानकासमोरच्या डी. टी. पी. च्या दुकानात आमची रीघ लागली. दुकानदाराकडे बायोडाट्याचा एक तयार नमुना होता. आपण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि गुण सांगायचे, त्याने ते जागच्या जागी भरायचे आणि दोन प्रती आपल्या हातात द्यायच्या. सारे काम दहा मिनिटांचे!

आमच्या मराठीच्या सरांनी ते बायोडाटे एकदा नजरेखालून घालण्यासाठी मागवून घेतले. दुसऱ्या दिवशी तासाला आल्यावर त्यांनी बारा जणांचे कागद टेबलावर ओळीने मांडले. नाव, पत्ता, गुण यांवर कोऱ्या कागदाच्या पट्ट्या ठेवल्या, फक्त वरचा चार ओळींचा परिच्छेद तेवढा उघडा ठेवला आणि म्हणाले, “या, आपापला ओळखून उचला.”

आम्ही टेबलाभोवती जमलो. बाराही कागदांवर एकच मजकूर होता. एखाद्या नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून आपल्या ज्ञानाचा व कौशल्याचा उपयोग संस्थेच्या आणि स्वतःच्या उत्कर्षासाठी करणे, अशा आशयाचे इंग्रजी वाक्य. स्वल्पविरामाची एक चूक होती, तीही बाराही ठिकाणी. वर्गात हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. कारण त्या मजकुराखाली ‘वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे सत्य आहे’ असे लिहून मी सही केलेली होती. आणि तो मजकूर माझा नव्हता.

त्या तासानंतर या चार ओळींचा मी जरा कसून विचार केला, सरांशी आणि इतरांशी बोललो, पुन्हा पुन्हा लिहून पाहिले. त्यातून जे उमगले ते पुढील वर्षी याच टेबलाभोवती उभे राहणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या उपयोगी पडावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

हा परिच्छेद म्हणजे काय?

बायोडाटा, रेझ्युमे आणि सी. व्ही. हे तीन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. ‘करिक्युलम व्हिटे’ हा शब्दप्रयोग लॅटिन असून त्याचा अर्थ ‘आयुष्याचा मार्गक्रम’ असा आहे. ‘रेझ्युमे’ हा फ्रेंच शब्द. त्याचा अर्थ ‘सारांश’. ‘बायोडाटा’ म्हणजे व्यक्तीविषयीची माहिती. आपल्याकडे हाच शब्द सर्वांत अधिक रुळला, आणि गंमत अशी की लग्नासाठी फिरवतात त्या कागदालाही आपण बायोडाटाच म्हणतो. या दोन कागदांची आपल्या मनात कशी सरमिसळ झाली आहे ते पुढे येईलच.

नोकरीच्या कागदावर नाव आणि पत्ता यांच्या खाली, शिक्षणाच्या तक्त्याच्या आधी चार-पाच ओळींची जागा असते. पूर्वी तेथे ‘ऑब्जेक्टिव्ह’ म्हणजे ‘मला काय हवे आहे’ ते लिहीत. आता बहुतेक ठिकाणी अपेक्षा असते ती ‘मी कोण आहे, मला काय येते आणि या जागेवर त्याचा काय उपयोग’ हे सांगणाऱ्या छोट्या आत्मपरिचयाची. फरक लहान दिसतो, पण महत्त्वाचा आहे. पहिल्या प्रकारात उमेदवार मागतो. दुसऱ्या प्रकारात तो काहीतरी पुढे ठेवतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करून ठेवली पाहिजे. स्पर्धा परीक्षांतून भरल्या जाणाऱ्या सरकारी पदांना या परिच्छेदाचा उपयोग नाही. तेथे ठरावीक रकाने असतात आणि परीक्षेतील गुण बोलतात. परंतु खाजगी कंपन्या, पतसंस्था, वर्तमानपत्रे, प्रकाशनसंस्था, शाळा, सामाजिक संस्था, तसेच काही पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि शिष्यवृत्त्या येथे कोणीतरी माणूस हा कागद हाती घेऊन वाचतो. त्याच्यापुढे असे पुष्कळ कागद असतात. तो प्रत्येक कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचेल ही अपेक्षा व्यर्थ होय. वरच्या चार ओळी वाचून खाली उतरायचे की पुढचा कागद उचलायचा, हे तो ठरवतो. म्हणून या ओळींना महत्त्व.

लेखणी का अडते?

दुकानदाराच्या नमुन्याला आपण बळी पडतो याचे कारण केवळ आळस नव्हे. स्वतःविषयी लिहिताना आपली लेखणी खरोखरच अडते. मला त्याची दोन कारणे दिसतात.

पहिले कारण म्हणजे आपल्यावरचा संस्कार. आपलेच गोडवे आपण गाऊ नयेत, असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आपणच आपली स्तुती करणाऱ्याची गणना त्यांत केली आहे. हा संस्कार चांगलाच आहे. तो टाकून द्यावा असे मला मुळीच वाटत नाही. पण त्यामुळे होते असे की, स्वतःचे खरे काम सांगायलाही आपण संकोचतो आणि मग कोणाचे तरी तयार विशेषण उचलून तेथे ठेवतो. म्हणजे जी आत्मस्तुती टाळायची होती तीच उसन्या शब्दांत करून मोकळे होतो!

दुसरे कारण ‘अर्ज’ या शब्दात दडलेले आहे. आपल्याकडे अर्ज म्हणजे विनंती. वरिष्ठापुढे हात जोडून उभे राहण्याचा भाव त्या शब्दात आहे. जुन्या अर्जांच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक’ असे लिहीत, ते याच भावनेतून. फी-माफीसाठी प्राचार्यांना अर्ज करावयाचा, एस. टी. च्या पासासाठी अर्ज करावयाचा, तेथे गरज सांगणे योग्यच असते. तीच सवय आपण नोकरीच्या कागदावरही नेतो आणि आपली योग्यता सांगण्याऐवजी आपली अडचण सांगत बसतो.

आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचे उदाहरण तिच्या परवानगीने देतो. सरांच्या त्या तासानंतर तिने दुकानातला मजकूर टाकून दिला आणि स्वतःच्या शब्दांत लिहिले:

“मी एक प्रामाणिक, कष्टाळू व आज्ञाधारक मुलगी असून माझ्या घरची परिस्थिती हलाखीची आहे. वडील आजारी असल्यामुळे कुटुंबाची जबाबदारी माझ्यावर आहे. मला कामाचा अनुभव नसला, तरी संधी दिल्यास मी त्या संधीचे सोने करीन.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. तरीही सरांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारले, “वडील आजारी पडल्यापासून घर कसे चालते?” तेव्हा कळले की ही मुलगी गेली तीन वर्षे रोज पहाटे गावातील दूध संकलन केंद्रावर काकांबरोबर बसते. ८५ उत्पादक दूध घालतात. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, यंत्रावर फॅट तपासायची, लिटर आणि दर मांडायचे, चिठ्ठी द्यायची आणि दर दहा दिवसांनी प्रत्येकाचे बिल काढायचे. दोन तास हे काम करून ती सातची एस. टी. पकडते आणि कॉलेजला येते. आणि कागदावर लिहिते काय? ‘अनुभव: नाही.’

ती खोटे लिहीत नव्हती. तिला खरोखरच वाटत होते की अनुभव म्हणजे कोणीतरी नेमणूकपत्र देऊन, पगार देऊन करवून घेतलेले काम. घरचे काम हे काम नव्हे, अशी आपल्या सर्वांचीच समजूत असते, मुलींची अधिकच. या लेखात मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती ही: आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नसते असे नाही, आपण केलेल्या कामाला काम म्हणून नाव द्यायचे आपल्याला ठाऊक नसते.

पाचशे वर्षांपूर्वीचा एक अर्ज

या संदर्भात सरांनी आम्हाला एका जुन्या पत्राची हकीकत सांगितली. इ. स. १४८२ च्या सुमारास लिओनार्दो दा व्हिंची याने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्याकडे आश्रय मिळावा म्हणून एक पत्र तयार केले. त्या वेळी तो तिशीचा होता. पत्राचा मसुदा आजही मिलानमध्ये ‘कोडेक्स अटलांटिकस’ या नावाने जपलेल्या त्याच्या कागदांत पाहायला मिळतो. अक्षर त्याचे स्वतःचे नाही, बहुधा दुसऱ्या कोणाकडून तो लिहवून घेतलेला आहे.

आपण लिओनार्दोला चित्रकार म्हणून ओळखतो. पण या पत्रात चित्रकला येते ती अगदी शेवटी. आधी काय येते? हलके, मजबूत, सहज वाहून नेता येणारे पूल, वेढा घातला असता खंदकातील पाणी काढण्याची युक्ती, तोफा, आवाज न करता खणावयाची भुयारे, सैनिकांना आत सुरक्षित ठेवणारे रथ. त्यानंतर शांततेच्या काळातील उपयोग म्हणून इमारती बांधणे आणि पाणी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेणे. त्या काळी इटलीतील नगरराज्ये एकमेकांशी झगडत होती. लुडोविकोला चिंता होती ती युद्धाची. लिओनार्दोने स्वतःला काय आवडते यापासून सुरुवात केली नाही. वाचणाऱ्याला कशाची गरज आहे तेथून सुरुवात केली. पत्रात आपल्या स्वभावाचे वर्णन करीत तो बसत नाही. मी अमुक करू शकतो, तमुक करू शकतो, असे मुद्दे ओळीने मांडतो. आणि शेवटी म्हणतो की, यातले काही कोणाला अशक्य वाटत असेल तर आपल्या बागेत किंवा आपण सांगाल तेथे मी ते करून दाखवायला तयार आहे.

मात्र या पत्राचे सरसकट अनुकरण करू नये. त्यातील कित्येक यंत्रे तेव्हा कागदावरच होती, आणि पुढेही कागदावरच राहिली. लिओनार्दोला ते खपून गेले. आपल्याला खपणार नाही. घ्यायच्या त्या तीन गोष्टी: वाचणाऱ्याची गरज आधी, विशेषणाऐवजी काम, आणि ‘करून दाखवतो’ म्हणण्याची तयारी.

प्रत्यक्ष कसे लिहावे?

मजकूर लिहायला बसण्यापूर्वी जाहिरात दोनदा वाचावी आणि त्या जागेवर बसणारा माणूस दिवसभर काय करीत असेल याची कल्पना करावी. नंतर एका कोऱ्या कागदावर गेल्या तीन वर्षांत आपण जे जे केले ते सारे, लहानमोठे न पाहता, उतरवून काढावे. कॉलेजातले, घरचे, शेतातले, दुकानातले, मंडळातले. त्यातून या जागेशी संबंध असलेली दोन कामे निवडावीत. मग तीन प्रश्नांची उत्तरे ओळीने लिहावीत. सध्या मी कोण आहे? मी काय केले आहे, किती आणि किती काळ? या जागेवर त्याचा उपयोग कोणता?

आमच्या मैत्रिणीला एका पतसंस्थेतील लिपिकाच्या जागेसाठी लिहायचे होते. जाहिरातीत पदवी, टंकलेखन, संगणकाची माहिती आणि खातेदारांशी बोलण्याची तयारी या गोष्टी मागितल्या होत्या. चार वेळा खाडाखोड झाल्यावर तिचा परिच्छेद असा झाला:

“मराठी विषय घेऊन बी. ए. च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. गेली तीन वर्षे गावातील दूध संकलन केंद्रावर रोज सकाळी ८५ उत्पादकांच्या दुधाची फॅट तपासून नोंद ठेवते आणि दर दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब जुळवते. बिलाबाबत तक्रार आल्यास नोंदवही उघडून उत्पादकाला समजावून सांगणे हेही माझ्याकडेच आहे. मराठी टंकलेखनाची ३० शब्द प्रतिमिनिट वेगाची परीक्षा उत्तीर्ण, एमएस-सीआयटी पूर्ण. खातेदारांशी रोज संबंध येणाऱ्या आपल्या शाखेत नोंदी आणि हिशेबाचे काम करण्याची इच्छा आहे.”

हे दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्यात ‘प्रामाणिक’ हा शब्द नाही. पण तीन वर्षे ८५ माणसांच्या पैशांचा हिशेब जिच्या हातात आहे, ती प्रामाणिक असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. ‘कष्टाळू’ हा शब्द नाही. ‘रोज सकाळी’ आहे. घरच्या हलाखीचा उल्लेख नाही. त्या हलाखीतून तिने काय उभे केले ते आहे. वडिलांचे आजारपण लपवले असे नव्हे. ते दुःख तिचे आहे, ते परक्या माणसापुढे मांडून त्याची दया मागण्याची तिला गरज उरली नाही, एवढेच. आणि आत्मस्तुतीचे म्हणाल, तर त्यात एकही वाक्य स्तुतीचे नाही. सगळी केवळ हकीकत आहे.

विशेषणांविषयी एक साधी कसोटी आहे. आपण वापरलेल्या शब्दाच्या उलट शब्द कोणी आपल्या बायोडाट्यात लिहील काय? ‘मी अप्रामाणिक आहे’, ‘मी आळशी आहे’ असे कोणीच लिहिणार नाही. मग ‘प्रामाणिक’ आणि ‘उद्योगी’ हे लिहिल्याने वाचणाऱ्याला नवे असे काय कळले? जे सगळेच लिहितात ते कोणाविषयीच काही सांगत नाही.

लांबी साधारण ५० ते ८० शब्दांची असावी. त्याहून अधिक झाल्यास तो निबंध होतो. कागद इंग्रजीत द्यायचा असेल तरी पहिला मसुदा मराठीत करावा, असे मी अनुभवाने सांगतो. इंग्रजीत लिहायला बसले की आपण आठवलेली वाक्ये लिहितो; मराठीत लिहिले की आठवलेली कामे लिहितो. नंतर सोप्या, लहान इंग्रजी वाक्यांत ते उतरवून इंग्रजीच्या प्राध्यापकांना दाखवावे.

कला शाखेची शिदोरी

‘विज्ञानवाल्यांना प्रयोगशाळा असते, वाणिज्यवाल्यांना हिशेब येतो, आपल्याला काय येते?’ हा प्रश्न आपल्या शाखेत नेहमी विचारला जातो, आणि तो आपणच अधिक विचारतो. त्याचे उत्तर आपल्या नेहमीच्या कामांत शोधावे.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या सात दिवसांच्या शिबिरात आपल्यापैकी अनेक जण जातात आणि बायोडाट्यात ‘एन. एस. एस. शिबिरात सहभाग’ एवढेच लिहितात. सहभाग म्हणजे काय? घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेतली असेल, तर किती घरांची? तिचा तक्ता कोणी केला? अहवाल कोणी लिहिला? सामाजिक संस्थेला किंवा वर्तमानपत्राला हवा आहे तो हाच तपशील. या वार्षिक अंकाची मुद्रिते तपासणाऱ्याने ‘संपादक मंडळात होतो’ असे न लिहिता किती पानांची मुद्रिते किती वेळा वाचली ते लिहावे. प्रकाशनसंस्थेत तेच काम असते. एकांकिकेत ज्याने काम केले नाही, पण तालमींचे वेळापत्रक, सामान आणि खर्च सांभाळला, त्याच्याजवळ सांगण्यासारखे नटापेक्षा कमी नाही.

‘कमवा आणि शिका’ योजनेत ग्रंथालयात वा बागेत काम करणारे विद्यार्थी ती गोष्ट बायोडाट्यातून वगळताना मी पाहिले आहेत. गरिबी दिसेल म्हणून ते लाजतात. ज्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि श्रम करून शिकण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली, तेथे ही लाज असू नये. रोज दोन तास पुस्तकांची देवघेव सांभाळणे हे काम आहे, आणि ते अभ्यास सांभाळून केलेले आहे.

काय गाळावे?

आता त्या लग्नाच्या बायोडाट्याकडे वळू. उंची, वर्ण, धर्म, जात, विवाहित की अविवाहित, वडिलांचा व्यवसाय, भावंडे किती, हे सारे नोकरीच्या कागदावर आपण सवयीने भरतो. लिपिकाच्या कामाशी उंचीचा काय संबंध? जेथे जाहिरातीत मागितले असेल, किंवा राखीव जागेसाठी जातीचा दाखला जोडणे आवश्यक असेल, तेथे ती माहिती अवश्य द्यावी. तो आपला हक्क आहे. एरवी ती देण्याचे कारण नाही.

हे मी केवळ नीटनेटकेपणासाठी म्हणत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी खाजगी क्षेत्रातील नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून एक अभ्यास केला. अर्जांत फरक होता तो नावांचा. काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, तर काही मुस्लिम असल्याचे ओळखू येईल अशी होती. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, पात्रता सारखी असूनही दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना बोलावणी कमी आली. चांगला परिच्छेद लिहिल्याने हा अन्याय दूर होईल, असा भाबडा दावा मी करणार नाही. नाव काही झाकता येत नाही, आणि झाकावे लागू नये. पण ज्या माहितीचा कामाशी संबंध नाही ती आपण होऊन देऊ नये, आणि वरच्या चार ओळींत काम इतके स्पष्ट मांडावे की ते डावलणाऱ्याला निदान वाचून डावलावे लागेल.

यंत्राचा नवा नमुना

एस. टी. स्थानकासमोरचा दुकानदार आता मागे पडत चालला आहे. मोबाईलवरील कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितले की ती क्षणात सफाईदार इंग्रजीत परिच्छेद लिहून देते. स्वल्पविरामाची चूकही सापडत नाही. पण तिला आपले दूध संकलन केंद्र ठाऊक नसते. आपण सांगितले नाही तर तीही ‘उत्साही’, ‘ध्येयवादी’, ‘संघभावनेने काम करणारा’ हेच शब्द देते, आणि तेच शेजारच्यालाही देते. म्हणजे बाराऐवजी बारा हजार कागद एकसारखे! भाषा तपासून घेण्यासाठी यंत्राचा उपयोग खुशाल करावा. तपशील मात्र आपले असले पाहिजेत.

मोठ्या कंपन्यांत पुष्कळदा अर्जांची पहिली चाळणीही संगणकच करतो. जाहिरातीतील शब्द अर्जात आहेत की नाहीत हे तो पाहतो. म्हणून जाहिरातीत ‘टंकलेखन’ असेल तर आपणही ‘टंकलेखन’ असेच लिहावे. मात्र जे येत नाही त्याचा शब्द तेथे घुसडू नये. कारण चाळणीतून खाली आलेला कागद शेवटी माणसाच्याच हातात पडतो, आणि मुलाखतीतले प्रश्न त्या कागदावरूनच निघतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतसुद्धा उमेदवाराने सविस्तर अर्जात लिहिलेले छंद, शिक्षण आणि अनुभव यांवरून व्यक्तिमत्त्व चाचणीत प्रश्न विचारले जातात. छंदाच्या रकान्यात ‘वाचन’ लिहिणाऱ्याला शेवटचे पुस्तक कोणते वाचले हे विचारले जाणारच. लिहिलेल्या प्रत्येक ओळीवर पाच मिनिटे बोलता येईल काय, असे स्वतःला विचारावे. येत नसेल तर ती ओळ खोडावी.

पुन्हा ते टेबल

मार्चमध्ये सरांनी पुन्हा एकदा तोच खेळ मांडला. नवे बारा कागद, नावांवर तशाच पट्ट्या. या वेळी आपापला कागद उचलायला कोणाला वेळ लागला नाही. इतकेच नव्हे, तर आम्ही एकमेकांचेही ओळखले. आणि वाचता वाचता आश्चर्य वाटले. तीन वर्षे शेजारी बसलेला मित्र सुट्टीत काकांच्या रसवंतीगृहाचा सारा हिशेब पाहतो, दुसरी मैत्रीण गावातील चौदा मुलांची शिकवणी घेते, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम कळले. आपण एकमेकांनाही आपली ओळख करून दिलेली नव्हती.

दूध केंद्रावरच्या मैत्रिणीला पतसंस्थेने मुलाखतीला बोलावले. व्यवस्थापकांनी पहिलाच प्रश्न विचारला, “एखाद्याची फॅट कमी लागली आणि तो भांडायला उठला, तर काय करता?” ती सांगते की त्यानंतर दहा-पंधरा मिनिटे तीच बोलत होती. ती जागा तिला मिळाली नाही. अनुभवी उमेदवाराला मिळाली. पण घरी आल्यावर ती म्हणाली, “मला जे येतं त्याविषयी मला कुणी पहिल्यांदाच विचारलं.” आता ती दुसऱ्या ठिकाणी अर्ज करते आहे. ‘अनुभव: नाही’ ही ओळ तिच्या कागदावर पुन्हा दिसणार नाही.

नोकऱ्या थोड्या आहेत आणि आपण पुष्कळ आहोत, हे सत्य चार ओळींनी बदलत नाही. माझ्या स्वतःच्या हातातही अद्याप नेमणूकपत्र आलेले नाही. तरी आपल्या गुरुजनांना एक विनंती करावीशी वाटते. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक वर्गात असा एक तास अवश्य घ्यावा. बारा कागद आणि काही कोऱ्या पट्ट्या, एवढेच साहित्य त्याला लागते. आणि विद्यार्थी मित्रांना सांगणे एवढेच की, दुकानात जाण्यापूर्वी एका रात्री घरी शांतपणे बसावे आणि गेल्या तीन वर्षांत आपण काय काय केले ते एका कागदावर लिहून काढावे. यादी आपल्या अपेक्षेपेक्षा मोठी निघते.